क्वान्डाँगचं सार

कुवेतमधल्या रुमैथियातल्या आमच्या घरात दुपार फार मोठी असायची. मालकाच्या बंगल्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आणि एक चिंचोळं स्वयंपाकघर, एवढंच ते घर. सकाळी नवऱ्याची बस मीना अल-अहमदीच्या रिफायनरीकडे निघून गेली की मी पडदे ओढून पलंगावर पडायची. एसी घरघरत असायचा. पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी फरशीवरून इतकी सावकाश सरकायची, की ती हलते आहे की मीच हलते आहे ते कळेनासं व्हायचं. सत्तरचं दशक संपत आलं होतं, मला दिवस गेले होते आणि पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं.

मी दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करायचे, तेव्हा रजेवर होते. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासणारी बाई, तेव्हा आपल्याला काय होतंय हे मला चांगलं कळत होतं. म्हणूनच भीती जास्त वाटायची. याआधी एकदा गेलं होतं. पाचवा महिना लागला होता, साडी जरा वर नेसायला लागले होते, आणि एका सकाळी सगळं संपलं. आता पुन्हा तेच होणार असं मला आतून वाटत राहायचं आणि ते मी कुणाला बोलून दाखवत नसे. इजिप्तची डॉक्टरीणबाई वजनाच्या काट्याकडे बघून मान हलवायची. असंच उतरत राहिलं तर दाखल करून घेईन आणि सलाइनवर ठेवीन, असं तिने बजावलं होतं.

दर शुक्रवारी मावशी यायच्या. त्या माझ्या सख्ख्या कुणी नव्हत्या. मालवणकडच्या, बाळंतपणाच्या वॉर्डातल्या जुन्या नर्स, आणि कुवेतमधल्या आम्हा सगळ्या मराठी बायकांच्या मावशी. पहिल्या वेळी ड्यूटीवर त्याच होत्या. जे गेलं ते त्यांनीच आपल्या हाताने कापडात गुंडाळून नेलं होतं. त्याबद्दल आम्ही एक अक्षर बोललो नव्हतो. त्या यायच्या, भाताची पेज टाकायच्या, ती माझ्याकडून परत बाहेर यायची, मग मला दोन शब्द सुनावायच्या आणि भांडी घासून निघून जायच्या.

मला हवं होतं आंबट. पण लिंबू नको, व्हिनेगर नको, चिंचेच्या नुसत्या वासाने घशाशी यायचं. मला आमसूल हवं होतं. जिभेवर ठेवल्यावर आधी मीठ, मग आंबट, मग जरासं तुरट असं ते काळपट साल मला झोपेतसुद्धा दिसायचं. आमच्या कोपऱ्यावर एका रत्नागिरीच्या चाचांचा बकाला होता, म्हणजे तिथलं किराण्याचं दुकान. त्यांच्याकडची आमसुलं संपली होती आणि गावाकडून कुणी येईपर्यंत नवीन मिळणार नव्हती. चाचांचा चेहरा असा पडला, जणू त्यांच्या घरी पाहुणा उपाशी उठला. त्यांनी मला लूमी दिली, अरब लोक आमटीसारख्या रश्श्यात घालतात ती वाळवलेली काळी लिंबं. मी ती उकळली, एक घोट घेतला आणि मोरीकडे धावले.

आमच्या डोक्यावर, गच्चीला लागून असलेल्या खोल्यांत, एक ऑस्ट्रेलियन जोडपं राहायचं. नवरा जनावरांचा डॉक्टर. तिकडून मेंढ्यांनी भरलेली जहाजं यायची, त्या मेंढ्या तपासणं हे त्याचं काम. जहाज लागलं आणि वारा बंदराकडून असला की त्याचे कपडे दोरीवर वाळत असतानासुद्धा मेंढ्यांचं जहाज आलंय हे आख्ख्या बंगल्याला समजायचं. बाई उंच, वयाने माझ्यापेक्षा बरीच मोठी, चेहऱ्यावर तांबूस ठिपके. कपडे वाळत घालतानासुद्धा डोक्यावर टोपी. जिन्यात भेटलो की हसायच्या, मी हसायची, तेवढीच ओळख.

एका दुपारी धुळीचा वारा सुटला. मी कपडे काढायला गच्चीवर गेले. आभाळ पिवळं झालं होतं, समोरच्या घरांच्या कडा पुसट झाल्या होत्या, आणि त्या सगळ्या पिवळ्यात एक वास आला. आंबट, गरम, गोडसर. कपडे हातातून कधी खाली पडले मला आठवत नाही. मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि पातेल्याकडे बघत होते, हे मात्र आठवतं. चांगल्या घरची मुलगी मी, कुणाच्या चुलीपुढे जाऊन कधी काही मागितलं नव्हतं. पण डोहाळे लागलेल्या बाईला लाज नसते असं आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. मी इंग्रजीत विचारलं, हे मला थोडं द्याल का.

बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग पोटाकडे. काही न विचारता त्यांनी फळीवरून बिस्किटांचा एक डबा काढला. आत वाळलेली, लाल, सुरकुतलेली सालं होती. वाटीसारखी वळलेली, आतून फिकट. त्यातलं एक त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. मी ते जिभेवर ठेवलं आणि तिथेच फरशीवर बसले. आमसूल नव्हतं ते. पण आमसुलाच्या घराजवळून जावं, कुणीतरी आतून हाक मारावी, तसं काहीतरी होतं. आधी आंबट, मग जर्दाळूसारखं काही, आणि शेवटी तापलेल्या मातीचा वास. मी ते कितीतरी वेळ चघळत बसले. बाहेर धूळ काचेवर आपटत होती. बाईंनी एक पाव कापून त्याच्यावर लोणी लावून दिलं, मी तोही खाल्ला, आणि तो पोटात राहिला.

त्या फळाचं नाव क्वान्डाँग. ते त्यांच्याकडच्या माळरानात आपोआप उगवतं. त्यांच्या आईला ते तिथल्या मूळ रहिवासी बायकांनी दाखवलं होतं, कुठलं झाड कधी पिकतं, बी कसं काढायचं, साल कसं वाळवायचं. बी काढून, पत्र्यावर पसरून वाळवलेली सालं वर्षानुवर्षं टिकतात. मेंढ्यांच्या जहाजावर ओळखीचं कुणी असलं की बाईंची बहीण एक पुडकं पाठवायची. एरवी त्या वर्षातून एकदोनदाच डबा उघडायच्या आणि त्याचा पाय करायच्या, म्हणजे मैद्याच्या पारीत शिजवलेलं गोड फळ भरून भट्टीत भाजायचं.

मी दुसऱ्या दिवशी वर गेले ती माझं पातेलं घेऊनच. भिजवलेली सालं त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि साखरेचा डबा सरकवला. मी म्हटलं, मीठ कुठे आहे. त्यांना वाटलं माझं इंग्रजी चुकलं. त्यांनी पुन्हा साखर सरकवली. मी उठून स्वतःच मीठ शोधलं आणि चिमूटभर टाकलं. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. आपल्या आईच्या फळाची कुणीतरी डोळ्यांदेखत माती करतंय आणि ते कुणी गरोदर बाई करते आहे म्हणून बोलताही येत नाही, अशी ती पंचाईत होती. मी सालं कुस्करली, गूळ घातला, हिरवी मिरची मोडून टाकली आणि तुपात जिरं तडतडवून वरून ओतलं. माझ्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. आंबट साल दिसलं की आमच्या हातून सारच होणार.

रंग आमसुलाच्या सारासारखा नाही आला. जरा विटकरी आला. पण वास घरचा आला. मी वाटीभर प्यायले. बाईंनी चमचा बुडवून चाटला आणि मग स्वतःसाठी कप काढला. त्या संध्याकाळी मी भात आणि ते सार खाल्लं आणि झोपले, नुसती झोपले, मधे उठावं लागलं नाही.

मग ते रोजचंच झालं. दुपारची ती उन्हाची पट्टी आली की मी जिना चढायची. आज त्या दिवसांचा विचार केला की दिवस वेगवेगळे आठवत नाहीत, एकच लांबलचक दुपार आठवते. पातेल्यातून वाफ वर जाते आहे, दोन बायका टेबलाशी बसल्या आहेत, एक सालं निवडते आहे, दुसरी पीठ लाटते आहे, आणि खिडकीबाहेर सगळं पांढरं आहे. सोलकढी करायचा प्रयत्न मी एकदा केला. नारळाचं दूध फाटलं आणि चिंध्याचिंध्या झाल्या. आम्ही दोघींनी तीही खाल्ली. त्यांच्याकडे लिलीपिली नावाच्या फळाच्या जेलीची एक बाटली होती. फळ आपल्या जांभळाच्या नात्यातलं, पण रंगाने गुलाबी. ती जेली मी पोळीला लावून गुंडाळी करून दिली, तेव्हा त्या म्हणाल्या की हे आमच्या आईला सुचायला हवं होतं. क्वान्डाँगही आपल्या चंदनाच्या नात्यातलं झाड आहे, हेही त्यांनीच सांगितलं. ते एकटं जगत नाही, शेजारच्या झाडाच्या मुळांना धरून वाढतं. त्याला परजीवी म्हणायला माझी जीभ रेटेना. आम्ही तरी तिथे काय करत होतो. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, आणि तो कुणातरी कुवेतीच्या सहीवाचून मिळत नसे.

नवऱ्याने आधी एक साल उजेडाकडे धरून बघितलं आणि हे विषारी तर नाही ना, असं विचारलं. रिफायनरीतल्या माणसाला सगळीकडे गळती दिसते. मग त्याने सार चाखलं आणि दुसरी वाटी मागितली. मावशींना मात्र ते पटलं नव्हतं. गरोदर बाईने परदेशातलं अनोळखी फळ खावं हे त्यांच्या नर्सपणात बसत नव्हतं. त्यांनी एक तुकडा हुंगला, दाताने तोडला, बराच वेळ चावला आणि ही सोलांची, म्हणजे आमसुलांची, सवत आहे असं जाहीर केलं. पण दवाखान्याच्या काट्यावर माझं वजन वाढलेलं दिसलं, तेव्हा पुढच्या शुक्रवारी पेजेबरोबर वाटीभर सार त्यांनी आपणच वाढलं. सवतीला घरात घेतलं गेलं.

एकदा पाय करताना बाईंनी मला त्यांच्या मुलाबद्दल सांगितलं. एकुलता एक होता. चालायला लागला होता, थोडं बोलायलाही लागला होता, आणि तापाने गेला. डॉक्टर लांब होता, रस्ता मैलोन्‌मैल मातीचा. हे सांगताना त्यांचं लाटणं थांबलं नाही. पारीची कड त्यांनी बोटाने नीट मुडपली. मग त्यांनी मला विचारलं की हे तुझं पहिलंच का. मी नाही म्हटलं. कुठल्याही भाषेत ते मी पहिल्यांदा बोलत होते. आपल्याकडे अशा वेळी झालं ते झालं म्हणतात, विषय बदलतात, चहा ठेवतात. सगळे प्रेमानेच करतात. पण बाईंनी मला बोलू दिलं. मी बोलले. आता हे राहील की नाही याची मला किती भीती वाटते, तेही बोलले. त्यांनी मला खोटा धीर दिला नाही. मला ते फार बरं वाटलं. त्या वेळी मला त्या माझ्या आईपेक्षा जवळच्या वाटल्या, आणि आईला हे कधी सांगता आलं नाही.

त्या काळात मला एक स्वप्न पडायचं. कुवेतचं सगळं वाळवंट लाल फळांच्या झाडांनी भरलेलं, आणि झाडांखाली एक मूल पाठमोरं रांगत चाललेलं. मी हाक मारायची पण नाव माहीत नसायचं. ते मूल वळायचं नाही. जाग आली की मी आधी पोटावर हात ठेवायची.

पाचवा महिना आला आणि गेला. सहावाही गेला. सातव्यात मावशींनी फर्मान काढलं की डोहाळजेवण करायचं, पहिल्या वेळी राहिलं होतं. शुक्रवार ठरला. रिग्गईहून, हवल्लीहून बायका आल्या. बंगल्याच्या मालकिणीने आपल्या अंगणातला मोगरा ओंजळभर पाठवला, त्याच्या वाड्या आणि बाजूबंद झाले. हिरवी साडी नेसून मी पाटावर बसले. कुणी मसालेभात केला होता, कुणी नारळीपाक, आणि वरच्या बाई इस्त्रीचा झगा घालून दोन्ही हातांत क्वान्डाँगचा पाय घेऊन आल्या. हे काय आहे ते मी त्यांना आधी समजावलं होतं. पोटुशीला तिच्या आवडीचं खाऊ घालायचं, तिची ओटी भरायची, आणि मूल सुखरूप यावं असं मनात म्हणायचं. त्या सकाळपासून खूश होत्या.

ओटीच्या ताटात मावशींनी तांदूळ, नारळ, खण ठेवला. फळं पाच लागतात. सफरचंद, संत्रं, केळं, खजूर झाली. पाचवं म्हणून मावशींनी वरून तो बिस्किटांचा डबाच आणवला होता. तळाशी मूठभर सालं उरली होती. ज्या फळाला त्या नावं ठेवायच्या, तेच त्यांनी ताटात मांडायला काढलं, याची मला गंमत वाटत होती. मग त्यांनी ओटी भरणाऱ्या बायका निवडल्या. ज्यांची मुलं हयात आहेत अशा, म्हणजे लेकुरवाळ्या. हा रिवाजच आहे, आमच्या घरीही तसंच चालायचं. एक एक जण पुढे येत होती, तेव्हा वरच्या बाईही सरळ मनाने रांगेत उभ्या राहिल्या. मावशींनी त्यांना इंग्रजीत विचारलं, तुम्हाला मुलं किती. त्या म्हणाल्या, एक होता, तो आता नाही.

मावशी वाईट बाई नव्हत्या. त्यांनी बाईंच्या दंडावर हात ठेवला आणि अगदी हळू, वॉर्डात नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात, तुम्ही बसा, काहीतरी खा, असं सांगितलं. बाईंना न सांगताच सगळं समजलं. त्यांनी मान हलवली, माझ्याकडे बघून हसल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने नळाचं पाणी वाहायला लागलं. त्या आमची खरकटी भांडी धूत होत्या.

पुढच्या बाईने तांदूळ उचलले. मी माझा पदर मिटून घेतला. मला राग आला की माझा आवाज चढत नाही, उलट उतरतो. घरचे सगळे त्यालाच जास्त घाबरतात.

"मावशी, राहू दे ओटी," मी म्हटलं. "त्यांचं मूल गेलं म्हणून त्या चालत नाहीत. माझंही गेलंय. मग मी कशी चालते?"

एका बाईने माझा पदर पुन्हा पसरायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. ते गेलेलं त्यांनी आपल्या हाताने नेलं होतं हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. आता हेही राहिलं नाही तर हा दिवस मला जन्मभर सुनावला जाईल, हेही मला ठाऊक होतं. हट्टाने अपशकुन केला म्हणतील. भीती वाटत होतीच. तरी पदर मी सोडला नाही.

मावशींनी ताट खाली ठेवलं आणि त्या आत गेल्या. नळ बंद झाला. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांनी वरच्या बाईंचं मनगट धरलेलं होतं. बाईंचे हात कोपरापर्यंत ओले होते. मावशींनी आपल्या जरीच्या पदराने ते पुसले, डबा त्यांच्या हातात दिला आणि, तुमचं फळ आहे, तुम्हीच घाला, असं सांगितलं.

बाई माझ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. मी पदर पसरला. त्यांनी ओंजळीने तांदूळ घातले, नारळ ठेवला, आणि डब्यातली होती नव्हती तेवढी सगळी लाल सालं त्यावर ओतली. मग त्यांनी मावशींना विचारलं की या वेळी काय म्हणायचं असतं. मावशी म्हणाल्या, म्हणायचं काही नसतं, चांगलं मनात आणायचं. बाई माझ्या पोटापाशी वाकल्या. दाराच्या पलीकडे कुणी उभं असलं तर बोलतो तेवढ्याच आवाजात त्या म्हणाल्या, "स्टे, डार्लिंग."

एवढंच. इतकी साधी गोष्ट होती ती. इतके महिने मी मनात तेच म्हणत होते, पण ज्याला सांगायचं त्याला सांगितलंच नव्हतं. मला रडू आवरेना आणि मी ते आवरलंही नाही.

मावशींनी नाक ओढलं.

"आमी सगळी तुझी ओटी भरूक इलव गो," त्या म्हणाल्या, "पण पोराक काय सांगूचा, ता आमच्यात कोणाकच सुचला नाय."

मग त्याही खाली बसल्या. पहिल्या वेळचे ते हात त्यांनी माझ्या पोटावर दोन्ही बाजूंनी ठेवले आणि वाकून म्हणाल्या, "ऱ्हव, बाळा. ऱ्हव."

त्यांच्यामागून एकेक जण आली. नागपूरची आली, लातूरची आली, पुण्याची आली, आणि प्रत्येकीने आपल्या बोलीत तेच सांगितलं. मूल राहिलं.